सात वर्षांची मुदतठेव

केंद्र सरकारनं २०२१ च्या जुलैत विद्यार्थ्यांसाठी एक बँक काढली. तिला शाखा नाही, शिपाई नाही, दोरीला बांधलेलं पेन नाही. नाव ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. डिजिलॉकरमध्ये जायचं, बारा आकडी 'अपार' क्रमांक घ्यायचा, की खातं सुरू. कॉलेजात तुम्ही जे जे पेपर सोडवाल त्यांचे क्रेडिट आपोआप जमा. शिक्षण कुठेही सोडा, कुठेही परत धरा, जमा झालेलं तुमचंच. फक्त एक बारीक अट आहे: जमा क्रेडिटचं आयुष्य जास्तीत जास्त सात वर्षं. त्यानंतर ते बुडाले. सहकारी बँका बघितलेल्या आमच्यासारख्यांना यात नवल वाटलं नाही. उलट बुडण्याची तारीख आधीच सांगतात, याचं कौतुकच वाटलं.

आमच्या चिखलीतल्या सोसायटीत या बँकेची एक खातेदार आहे. बारावी सायन्स, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी सगळं व्यवस्थित. बी.एस्सी. नर्सिंगच्या सीईटीत गुण थोडे कमी पडले. घरी बसून काय करायचं, म्हणून बी.ए.ला नाव घातलं. सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, इंग्रजी. वडील चाकणला एका सप्लायर कंपनीत, आठवडाआड सेकंड शिफ्ट, त्यामुळे घरातले सगळे निर्णय रात्री साडेबारानंतर होतात. दोन वर्षं गेली. सेमिस्टरला २२ प्रमाणे खात्यात ८८ क्रेडिट साचले. मग पोरीनं पुन्हा सीईटी दिली, या वेळी गुण मिळाले, आणि ती ८८ क्रेडिटची प्रिंट काढून, प्लास्टिकच्या फोल्डरात घालून, ॲडमिशनच्या खिडकीशी गेली. सोबत मी. सोसायटीत रिटायर्ड माणसं कमी असतात आणि खिडक्या जास्त, त्यामुळे अशी कामं माझ्याकडे येतात.

खिडकीतल्या बाईंनी प्रिंट उलटसुलट केली.

"हे काय आहे?"

"क्रेडिट आहेत, मॅडम. एबीसीचे."

"इथे काय करू मी त्यांचं?"

"सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, इंग्रजी झालंय माझं. नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरला तेच आहे."

"ते बी.ए.चं झालंय. हे नर्सिंगचं आहे." बाईंनी प्रिंट परत दिली आणि फॉर्मवर बोट ठेवलं. "बारावीनंतर दोन वर्षं दिसतायत. गॅपचं ॲफिडेव्हिट आणलंय?"

"गॅप नाही, मॅडम. कॉलेज करत होते."

"मग टीसी आणा, मायग्रेशन आणा. पण आमच्याकडे तो गॅपच."

इथे मला त्या बाईंबद्दल काही म्हणायचं नाही. त्या खिडकीत बसतात, नियम वरून येतो. पण दोन वर्षं रोज सकाळी पीएमपीएमएलच्या बसला लोंबकळत कॉलेजला गेलेल्या मुलीला तू दोन वर्षं काहीच करत नव्हतीस असं ऐकवायला सरकारी भाषेत एकच शब्द पुरतो, हे बघून मराठी गद्यलेखक म्हणून मला जरा हेवा वाटला.

आता हिशेब बघा, कारण हा विषय हिशेबाचाच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. भारतीय परिचर्या परिषदेनं बी.एस्सी. नर्सिंगचा नवा सेमिस्टरवाला अभ्यासक्रम आणला, त्याची अधिसूचना निघाली २०२१ च्या जुलैत. म्हणजे ज्या महिन्यात बँक उघडली त्याच महिन्यात. त्यातला एक क्रेडिट म्हणजे वर्गातले २० तास, स्किल लॅबचे ४० आणि वॉर्डातले ८०. एकाच देशात, एकाच महिन्यात, एकाच नावाचं चलन दोन टांकसाळींतून निघालं आणि दर मात्र वेगळा. असं परदेशात झालं असतं तर आपण हसलो असतो.

तरी गंमत अशी की दर वेगळा असून हिशेब बरोबर जुळतो. नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरला ॲप्लाइड सोशिऑलॉजी तीन क्रेडिटची, म्हणजे ६० तास. ॲप्लाइड सायकॉलॉजी तीन क्रेडिटची, ६० तास. बी.ए.चा चार क्रेडिटचा पेपर घ्या: चार गुणिले पंधरा, साठच. तासाला तास. कम्युनिकेटिव्ह इंग्लिश दोन क्रेडिटचं, ४० तासांचं. एवढं इंग्रजी तर पोरीनं बसस्टॉपवर उभं राहून केलं असेल. फरक उरतो तो 'ॲप्लाइड' या एका शब्दाचा. बी.ए.च्या पोरीला कुटुंबसंस्था कळते, पण ती पेशंटच्या खाटेभोवती उभी राहिलेली कळत नाही, असं परिषदेचं मत असावं. मत अगदीच टाकाऊ नाही. वायसीएम हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात एका पेशंटमागे सात नातेवाईक उभे असतात, ती कुटुंबसंस्था पुस्तकात नसते खरी. पण मग त्या 'ॲप्लाइड'पुरते पाच-दहा तास शिकवा की. साठच्या साठ पुन्हा कशाला?

भोसरीच्या वर्कशॉपात टर्न केलेला बुश चाकणच्या कंपनीत जातो तेव्हा तिथला इन्स्पेक्टर ड्रॉइंग काढतो, गेज लावतो. बसला तर घेतो, नाही बसला तर रिजेक्टचा लाल टॅग लावून परत पाठवतो. भोसरीत बनलाय म्हणून पुन्हा पहिल्यापासून बनवा, असं तो म्हणत नाही. म्हटला तर संध्याकाळपर्यंत लाइन बंद पडेल आणि त्याला मालकासमोर उभं राहावं लागेल. शिक्षणाची लाइन बंद पडत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. तिथे फक्त माणसाचं वय वाढतं, आणि ते कुठल्याच रिजेक्शन रिपोर्टमध्ये येत नाही.

इंजिनिअरिंगवाल्यांचं बघा. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करा, थेट दुसऱ्या वर्षाला बसा; याचंच नाव डीएसई. बी.एस्सी. झालेल्यालाही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं दार उघडं आहे. डी.फार्म झाला, बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला जा. आमच्या पट्ट्यात निगडी ते राजगुरुनगर ज्याला विचाराल तो डीएसई म्हणजे काय ते झोपेतही सांगेल. यंत्राला हात लावणाऱ्याचं आधीचं शिक्षण मोजलं जातं, गोळी मोजणाऱ्याचंही मोजलं जातं. ती गोळी पेशंटला वेळेवर देणारीचं मात्र पहिल्यापासून.

अगदी पहिल्यापासूनच, असं म्हणणं अन्याय होईल. नर्सिंगलाही स्वतःचा एक जिना आहे. जीएनएम तीन वर्षांचा डिप्लोमा, तो करून रजिस्ट्रेशन झालं की दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. तीन अधिक दोन, पाच. सरळ पदवी चार वर्षांची. एक वर्ष जास्त जातं, पण ते फार्मसीतही जातं, तक्रार नको. खरी मजा त्याच्या खालच्या पायरीवर आहे. एएनएम, दोन वर्षांची. खेड तालुक्यातल्या उपकेंद्रात लस टोचणारी, गरोदर बायांचं वजन आणि बीपी घेणारी, रात्री-अपरात्री फोन आला की उठणारी ती एएनएम. तिला जीएनएम करायचं असेल तर दार उघडं आहे, आर्ट्सची असली तरी चालते. पण तिला घेतात कुठे? पहिल्या वर्षाला. जिनं शंभर लहान पोरांना बीसीजी टोचलं ती आता बीसीजी कुठल्या दंडात टोचतात ते वहीत लिहून घेणार. दोन वर्षं एएनएम, तीन जीएनएम, दोन पोस्ट बेसिक: सात. बँकेतल्या क्रेडिटचं आयुष्यही सातच. ज्यांनी कुणी हे आकडे जुळवले त्यांना वास्तुशास्त्र चांगलं अवगत असणार.

जिनं हे सगळं केलं, ती आमच्याकडे एका ठिकाणी हमखास भेटते. कारखाना कायदा १९४८ चा. त्याच्या ४५व्या कलमात सांगितलं होतं की ५०० पेक्षा जास्त कामगार असतील तर कारखान्यात ॲम्ब्युलन्स रूम हवी आणि तिथे डॉक्टरांसोबत नर्सिंगचा स्टाफ हवा. चाकणच्या मोठ्या कंपन्यांत ही खोली स्वच्छ, पांढरी, एसीची असते. आत सिस्टर, नाहीतर ब्रदर. प्रेसवर बोट चेमटलेला पोरगा येतो, तिथे जखम धुणं, दाब देऊन रक्त थांबवणं, टिटॅनसचं बघणं आणि सुपरवायझरला बाहेर उभं करणं ही चारही कामं एका वेळी होतात. डॉक्टर ठरलेल्या वेळी येतात, सिस्टर पूर्ण शिफ्ट असते. मी एकदा अशा एका सिस्टरना विचारलं होतं, इथल्या अनुभवाचे किती क्रेडिट मिळतात? त्या म्हणाल्या, "काका, इथला अनुभव पीएफच्या स्लिपवर येतो, मार्कशीटवर नाही."

आता दुसरी बाजू. ती आहे, आणि ती लंगडी नाही. उद्या परिषदेनं जाहीर केलं की कुठलेही क्रेडिट आणा, वर्ष माफ करून घ्या, तर परवा चाकणच्या तळेगाव चौकात, त्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसालाही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात फ्लेक्स लागेल: नर्सिंगचे क्रेडिट मिळतील, हप्त्याची सोय. कागदावर वॉर्ड दाखवणारी, कागदावर खाटा दाखवणारी कॉलेजं आपल्या राज्यानं बघितली आहेत. वॉर्डातल्या एका क्रेडिटचे ८० तास ही गोष्ट मला तरी कमी करायची नाही. माझ्या हातात सलाइन लावणारी मुलगी शीर शोधायला सायकॉलॉजीच्या भरवशावर आलेली मला चालणार नाही. त्या तासांना हात लावू नका. पण तास वेगळे काढा ना: वॉर्डाचे वेगळे, वर्गाचे वेगळे. वर्गाचे मोजून घ्या, शंका असेल तर एक परीक्षा घ्या. ते करायला नाशिकचं आरोग्य विद्यापीठ आहे, १९९८ पासून आहे. दिल्लीची परिषद १९४७ च्या कायद्यानं आलेली आहे. आणि तिच्या जागी नवा आयोग आणायचा कायदा संसदेनं २०२३ साली केला. माणसं आहेत, शिक्के आहेत, शिक्के मारायला शाईही आहे. फक्त दुसऱ्याच्या शिक्क्यावर विश्वास ठेवायची सवय नाही.

आणि मधेच सोडून गेलेल्या मुलींच्या जागा? पहिल्या वर्षाला वर्ग भरतो, दुसऱ्या वर्षापर्यंत कुणाचं लग्न ठरतं, कुणाची फी थकते, कुणाला रक्त बघून चक्कर येते. ती खुर्ची पुढची तीन वर्षं रिकामी राहते. पदवीधर मुलगी त्या खुर्चीकडे बघत दाराबाहेर पहिल्या वर्षाचा फॉर्म भरते. अमेरिकेत आधी दुसरी पदवी झालेल्यांसाठी नर्सिंगचा वेगळा वेगवान अभ्यासक्रम असतो, साधारण १२ ते १८ महिन्यांचा. आपल्याकडे आधी दुसरी पदवी झालेल्याला ॲफिडेव्हिट असतं.

पोरगी आता पहिल्या सेमिस्टरला आहे. परवा लिफ्टमध्ये भेटली. सोशिऑलॉजीच्या मॅडमनी कुटुंबाचे प्रकार विचारले, वर्गात एकटीनं हात वर केला, म्हणाली. मॅडम खूश. अशानं तिच्या ८८ क्रेडिटमधले निदान एक-दोन तरी वसूल होतील, असा माझा अंदाज आहे.

तिनं जर्मनचा क्लासही लावलाय, रविवारी, चिंचवडला. हे आता आमच्याकडे नवीन नाही. जर्मन गाड्यांचे कारखाने चाकणला आले, त्यांच्या मागोमाग जर्मन शिकवणारे आले, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेमबर्ग नावाच्या तिथल्या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्यात नर्सही आहेत. तिथली पद्धत ऐकून मी पायऱ्यांवरच बसलो. तुम्ही इथली पदवी पाठवता, सोबत विषयवार तासांचा तक्ता पाठवता. तिथलं कार्यालय तो तक्ता स्वतःच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतं, आणि काय कमी आहे त्याचं पत्र देतं. जेवढं कमी, तेवढं शिकून घ्यायचं, नाहीतर परीक्षा द्यायची. बाकीचं मान्य. नाशिक आणि पुणे यांच्यातलं अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. ते ओलांडायला या तासांना जमलं नाही, समुद्र ओलांडायला जमेल म्हणतात.

क्लासच्या सरांना पोरीनं विचारलं, नर्सिंगच्या तक्त्यासोबत बी.ए.चे दोन वर्षांचे तासही जोडू का, की तिथेही त्याला गॅप म्हणतील?

सर म्हणाले, "जोडून तर दे. ती माणसं सगळं वाचतात."