सांगो काकू

मेपल बघायला येणारे पाहुणे ऑक्टोबरअखेरची तिकिटं काढतात, आणि ते पोचायच्या आदल्या रात्रीच ब्रिस्टलला वारं सुटतं. सकाळी सगळी शोभा गटाराच्या जाळीवर. मग चहाबरोबर त्यांना ओसाकाजवळच्या मिनोची गोष्ट सांगायची: तिथे मेपलची पानं वर्षभर मिठात मुरवतात आणि गोडसर पिठात बुडवून तळतात. ओव्याच्या पानांची भजी खाल्लेल्या माणसाला यात फारसं नवल वाटत नाही.

पण या झाडाला लोकांनी उगाच दोन आठवड्यांत बसवलंय. जाती पारखून लावल्या तर बाराही महिने रंग हटत नाही. जानेवारीत इथे साडेचारला अंधारतं, बागेत बघावं असं काही उरत नाही, तेव्हा 'सांगो काकू' हा जपानी मेपल रंगात येतो. घरात त्याला नुसतं काकूच म्हणतात. काकूंच्या अंगावर पान नसतं, पण कोवळ्या फांद्या पोवळ्यासारख्या लालबुंद. जुनं लाकूड तपकिरी पडतं. लाली टिकवायची तर नवी फूट येत राहायला हवी. पलीकडे कागदी सालीचा मेपल आहे. त्याच्या दालचिनी रंगाच्या सालीचे पापुद्रे सुटून गुंडाळी होतात आणि मागून ऊन आलं की त्यातून उजेड आरपार दिसतो. अर्नेस्ट विल्सनने १९०१ मध्ये हे झाड चीनमधून इंग्लंडला आणलं. त्याच्या बिया बहुतेक पोकळ निघतात, म्हणून रोप महाग. हे कारण घरात आधीच सांगून ठेवलेलं बरं.

वसंतात 'कात्सुरा' या जपानी मेपलला पिवळी-नारिंगी पालवी फुटते. सह्याद्रीतला कुसुंब ज्याने पाहिलाय, त्याला ही ओळख पटायला वेळ लागत नाही. आपली नजर चैत्रपालवीवरच वाढलेली. पानगळीचं कौतुक करायला आपण विलायतेत येऊन शिकलो.

उन्हाळ्यात पुण्याहून आत्या आली. 'ब्लडगुड' मेपलची पानं उन्हाळाभर गर्द तांबडी असतात. तिने चष्मा वर करून एक पान उलटंपालटं केलं. "अरे, करपलंय हे. कढीपत्त्याला घालते तसं आंबट ताक घालून बघ."

आता हसायची सोय नाही, कारण मेपलला थोडी आम्लधर्मी माती मानवतेच. ताक घातलं नाही, पण आत्याला तसं सांगितलंही नाही.

निघताना तिने काकूंची फांदी मागितली. सदाशिव पेठेतल्या गॅलरीत लावायला. म्हटलं, आत्या, या झाडाला हिवाळाभर कडक थंडीत झोपावं लागतं, पुण्यात नाही जमायचं.

"किती थंडी?"

"फ्रिजमधल्याएवढी."

आत्याने मिनिटभर विचार केला. "खालचा कप्पा रिकामा करते. तसंही दोघांना भाजी कितीशी लागते?"