अर्ध्या किलोचा प्रश्न

माझ्या रोड बाइकची अल्युमिनियमची चाकं काढून कार्बनची बसवायची, तर पासष्ट हजार रुपये लागतात आणि वजन अर्धा किलो कमी होतं. माणसाने स्वतःचं वजन अर्धा किलो घटवलं तर उलट पैसे वाचतात, असा मुद्दा घरात निघाला. मी तो ऐकून न ऐकल्यासारखा केला आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

मी ८२ किलो, सायकल साडेनऊ, पाणी-पंप-केळी मिळून दीड. एकूण ९३. सिंहगडाचा घाट पायथ्यापासून वाहनतळापर्यंत चढायला मला तास लागतो (जाणकारांनी हसू नये). एवढ्या कमी वेगात जवळजवळ सगळी ताकद वजन वर नेण्यातच जाते, त्यामुळे वजन जितके टक्के उतरेल तितकाच वेळ वाचेल. अर्धा किलो म्हणजे अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त. तासातले १९ सेकंद! सेकंदाला जवळजवळ साडेतीन हजार रुपये. आणि वर पोचल्यावर पिठलं-भाकरी यायला वीस मिनिटं लागतात ती लागतातच. शिवाय भरलेली पाण्याची बाटली पाऊण किलोची असते. ती खालीच ठेवली तर कार्बनला फुकटात मागे टाकता येतं.

आमच्या ग्रुपमधल्या एका इंजिनिअरने मला धीर दिला. म्हणाला, "अरे, फिरणारं वजन दुप्पट धरतात." धरतात, पण ते वेग वाढवताना. संथपणे घाट चढताना रिममधला किलो आणि पोटातला किलो यांत गुरुत्वाकर्षण कसलाही भेदभाव करत नाही. मात्र पुण्यात दर शंभर पावलांवर गतिरोधक असल्यामुळे सारखा वेग वाढवावा लागतो, म्हणजे इथे हा नियम लागू आहे, असं त्याचं म्हणणं. गतिरोधकाचा हा उपयोग मला तोवर कुणी सांगितला नव्हता. तरी दुप्पट धरूनही हिशोब एका टक्क्याच्या आसपासच येतो.

मग त्याने वारा काढला. पन्नास मिलिमीटर खोल रिम वारा कापते, हे खरंच. पण वाऱ्याला तोंड देण्याची ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते, त्यामुळे हा फायदा डोळ्यांत भरतो तो पस्तीस-चाळीसच्या पुढे. मी पस्तीसला पोचतो तो उतारावर, आणि तेव्हा दोन्ही हात ब्रेकवर असतात. त्यातून वारा अडवण्याचं मोठं काम स्वारच करतो, आणि त्या कामात मी कधी कसूर केलेली नाही. एडी मर्क्सने १९७२ साली मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापले, ते उथळ रिमच्या तारांच्या चाकांवर.

हे सगळं मला पटलं. पण भारी चाकांचा हब असा काही खणखणीत करकरतो, की समोरचा वळून बघतोच. हा आवाज पायडल मारणं थांबवलं की येतो. म्हणजे पैसे मोजून आपण काही करत नसल्याची दवंडी पिटायची. मला ती पिटायची आहे. शहाणी माणसं म्हणतात, आधी चांगले अठ्ठावीसचे टायर घाल, हवा थोडी कमी ठेव, दहाव्या हिश्श्याच्या खर्चात जास्त फरक पडेल. खरं आहे. पण टायरकडे वळून कोण बघतं?

शेवटी चाक दाखवायला पेठेतल्या काकांकडे गेलो. त्यांनी कार्बनच्या चाकाचा फोटो चष्मा वर करून पाहिला आणि विचारलं, "ही पण गोलच असतात ना?" मग माझं चाक स्टँडवर चढवून, सतार लावावी तसं एकेक तार बोटाने छेडत त्यांनी आउट काढला. चाक फिरवलं. ब्रेकच्या रबरापासून केसभरही हलेना.

"कशाला बदलताय साहेब? अजून दहा वर्षं जाईल."

इतकी वाईट बातमी मला बऱ्याच दिवसांत कुणी दिली नव्हती. त्या दिवसापासून मी खड्डे चुकवणं सोडून दिलंय. आतापर्यंत ट्यूब दोनदा गेली, कंबर एकदा. रिम जागची हललेली नाही. आता सगळी भिस्त येत्या पावसाळ्यावर आहे.