जुलैची तिकिटं काढलीस, मग कोंबड्या कशाला?

अगं, त्या विटेवर नको चढूस, हलते ती. मीच स्टूल घेते इकडून. हं, आता बोल. कोंबड्या घेतेयस म्हणे? तुझ्या धाकट्याने गल्लीभर दवंडी पिटलीय, आता लपवून काय उपयोग!

अंडी महागली होती म्हणून का? मार्च 2025 मध्ये डझनाचा सरासरी भाव सव्वासहा डॉलरच्या घरात गेला, तेव्हा आपल्या फिनिक्समध्येही जो तो हेच बोलत होता. बर्ड फ्लूने मोठाले फार्म रिकामे झाले आणि इकडे लोक पिल्लांचे खोके घेऊन घरी. त्या कोपऱ्यावरच्या पिकअपवाल्याने तर ब्रह्मा आणल्या. बघितल्यास की नाही? पार बोटांपर्यंत पिसं, भर जूनमध्ये रजई पांघरून फिरतात बिचाऱ्या. शेवटी त्याने खुराड्याला एसी बसवला. बिल वाढतं म्हणून बायको हॉलमध्ये घाम पुसतेय आणि कोंबड्या गारव्यात. तिनेच सांगितलं मला. माझं नाव घेऊ नकोस हं.

परवानगीचं म्हणशील तर तो प्रश्न सुटलाय. 2024 मध्ये ॲरिझोनात कायदा झाला, गव्हर्नर हॉब्जबाईंनी सही केली. अर्ध्या एकराच्या आतलं स्वतंत्र घर असलं तरी सहापर्यंत कोंबड्या पाळता येतात, शहराला नाही म्हणता येत नाही. कोंबड्याला, म्हणजे नराला, मात्र बंदी घालता येते. तेच बरं. पहाटे चारला आरवायला लागला तर तुझा नवरा, रात्रभर पुण्याशी कॉलवर असलेला, काय करील त्याचं! पण शहराचा कायदा वेगळा आणि एचओएचे, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेचे, नियम वेगळे. त्यांचे कागद आधी वाच. मागच्या गल्लीतल्या एकीने खुराडं रंगवून, पडदे लावून तयार केलं आणि दुसऱ्याच आठवड्यात पत्र. आता त्यात कुंड्या ठेवते.

खाणंपिणं, झाडलोट, ते काही अवघड नाही गं. अवघड आहे तो उन्हाळा. कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंग मुळातच 41-42 सेल्सिअस, आणि बाहेर 43 झालं की अंगातली उष्णता जाणार कुठे? मग ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून फाकवून उभी राहते. तुरा आणि गळ्याखालच्या लोळ्या, तिथून थोडी उष्णता बाहेर जाते. म्हणून इथे लेगहॉर्नसारखी मोठ्या तुऱ्याची, हलक्या अंगाची जात बरी. ती नागड्या मानेची मिळते ना, दिसायला ध्यान, पण उन्हाला चिवट. माझ्याकडे आहे एक. आमच्या ह्यांना ती आवडत नाही, जेवताना समोर आली की तोंड फिरवतात.

आणि त्या धापांमुळे अंड्याचं कवचही पातळ होतं. श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, मग कवच घडायला रक्तात लागतं ते कमी पडतं. जुलैत उचलायला जावं तर बोटाखाली कवच दबतं. शिंपल्यांचा चुरा ठेवते मी वेगळ्या वाटीत, तरी फरक थोडाच. तसंही तेव्हा त्या घालतात कमी. श्रावणात आपल्याकडे खाणारेही कमीच, म्हणून चालून जातं.

पाण्याचं सांगते, नीट ऐक. आपल्या नळाला उन्हाळ्यात गार पाणी येतच नाही, आणि बागेच्या पाइपात साठलेलं पहिलं पाणी तर हात भाजेल इतकं तापलेलं. ते वाहून जाऊ दे, मग भांडं भर. भांडं सावलीतच हवं. गरम पाण्याला कोंबडी तोंड लावत नाही आणि पाणी सुटलं की संपलंच. मी बाटल्या गोठवून भांड्यात सोडते. पसरट ट्रेमध्ये दोन बोटं पाणी ठेवते, त्यात पाय बुडवून उभ्या राहतात. टरबूज फ्रीजरमध्ये ठेवून दुपारी फोडायचं. दाणे पहाटे आणि सूर्य कलल्यावर. भर दुपारी खाल्लं की पचवतानाच अंग तापतं. एखादी मान टाकून लडबडायला लागली, तुरा फिका पडला, तर बादलीत साध्या पाण्यात धर, डोकं वर ठेवून. बर्फाचं पाणी नको.

आणि कूलर! मी अकोल्याची, मला कूलर कोणी शिकवू नये. आमच्याकडे वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून उन्हाळे काढलेत. इथेही मे-जूनच्या कोरड्या हवेत खुराड्याशेजारी कूलर नाहीतर फवारे लावले की गारवा छान. पण पंधरा जूननंतर इथला मान्सून. एकदा का दमट हवा आली, की पहिल्या पावसानंतर अकोल्यात होतं तेच, कूलर नुसता ओला वारा फेकतो. खाली तूस भिजलं की माश्या आणि पोटाचे रोग. तेव्हा फवारे बंद, पंखा सुरू.

रात्री तरी गार होईल म्हणतेस? 2023 चा जुलै आठव. तू नव्हतीस का तेव्हा? सलग 31 दिवस 110 फॅरनहाइट किंवा वर. 19 जुलैला तर पहाटेही पारा 97 च्या खाली उतरला नाही. अशा रात्री खुराड्यात कोंडायचं म्हणजे चारी बाजूंनी जाळीच हवी, भिंती नकोत. पण ती षटकोनी कोंबडीजाळी नको. अर्ध्या इंचाची जाड वेल्डेड जाळी घे आणि खाली जमिनीतही वळव. कोयोटी ही भिंत सहज चढून येतो. दिवसा हॅरिस ससाणे, तेही टोळीने. आणि तुझ्या त्या कोपऱ्यातली कण्हेर काढून टाक, विषारी असते.

फायदा एक सांगू? विंचू. रात्री ती जांभळी टॉर्च मारलीस की भिंतीवर हिरवट चमकतात ना, ते दिसायचे कमी होतात. कोंबड्या चवीने खातात. धाकट्याला मात्र सांग, कोंबडीचे मुके घ्यायचे नाहीत आणि हात साबणाने धुवायचे, साल्मोनेला असतो.

आता खरं सांग, तुम्ही जुलैत भारतात जाताय ना? शाळेला सुट्टी, तुझ्या सासूबाईंचं वय, सगळं मला ठाऊक आहे. पण कोंबड्यांचा जिवावरचा महिना तोच. दुपारी दोनदा कोणीतरी बर्फ टाकायला हवा, आणि तेव्हा अर्धी मराठी मंडळी तिकडे पुण्या-नागपुरात आंबे संपवत असतात. मी करीन म्हणतेस? माझ्याच मला पुरे होतात.

तेव्हा यंदा नको. दरवर्षी जायचंच असेल तर कधीच नको. पुढच्या जुलैत न जाण्याचं ठरलं तर ऑक्टोबरात ये, ऊन ओसरलं की आपण दोघी जाऊन चार तलंगा आणू, उन्हाळ्यापर्यंत रुळतील. तोवर अंडी माझ्याकडून ने. रिकामा खोका तेवढा परत आण.