काटा आणि गोडी

भाच्याने पुण्याहून तळहातावर मावणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आणला आणि आमच्या श्रीपूरच्या ओट्यावर त्याचं उद्घाटन केलं. पडद्यावर पिवळी रेघ थरथरत होती. मध्येच टेकाड, मध्येच सुळका.

"मामा, हे सगळे सिग्नल. हा उंच आहे तो एफएम."

"काय म्हणतोय तो?"

"ते यात ऐकू येत नाही."

चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, तेव्हापासून या गावाला साखर चिकटलेली आहे. त्यामुळे मला चटकन उमगलं. हे यंत्र म्हणजे कारखान्याचा वजनकाटा. ऊस किती टन आला ते सांगेल. रसात गोडी किती, ते प्रयोगशाळेलाच विचारायचं. म्हणजे आता प्रयोगशाळा हवी, आणि ती पेन्शनीत बसणारी हवी.

माळ्यावर वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. पोस्टात दरवर्षी लायसन्सची फी भरून ऐकलेला. जुन्या सुपरहेट सेटची गंमत अशी, की तुम्ही कुठलंही स्टेशन लावा, पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ असो की आणखी कुठलं, सेट आतल्या आत त्याला ४५५ किलोहर्ट्झच्या मधल्या वारंवारतेवर, म्हणजे आयएफवर, आणून बसवतो. तिथून तार काढून अ‍ॅनालायझरला दिली, की लावलेल्या स्टेशनचे शेजारीपाजारीही पडद्यावर दिसतात. मात्र तार हा बदल करणाऱ्या मिक्सरपाशीच जोडावी लागते. पुढे आयएफचे डबे शेजाऱ्यांना आत येऊच देत नाहीत. फुकटातलं काम! मी पेचकस घेऊन बसलो.

"मामा, या सेटला ट्रान्सफॉर्मर नाही. चासीत घरचा करंट खेळत असेल. अ‍ॅनालायझर जळेल."

"आणि हे?" बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं. भाचा यंत्राची काळजी आधी करतो, हे तिच्याही लक्षात आलं होतं.

रेडिओ पुन्हा माळ्यावर गेला. आयएफ बाहेर काढून देणारे तयार रिसीव्हर मिळतात, पण त्यांच्या किमती ऐकल्यावर मी विषय उसाच्या बिलाकडे वळवला. उरली ती यूएसबी काडी. मुळात ही टीव्ही बघण्यासाठी बनवलेली. २०१२च्या सुमारास हौशी लोकांना कळलं, की तिच्यातली रिअलटेकची चिप हवेतला कच्चा माल जसाच्या तसा संगणकात ओतू शकते. मग काय, साधारण २४ मेगाहर्ट्झपासून १७०० मेगाहर्ट्झपर्यंत सगळं खुलं झालं. लॅपटॉपवर चित्र दिसतं, आवाजही येतो.

"चित्र दिसतं?" बायको भाजी निवडता निवडता थांबली. "मग तो आधीचा डबा कशाला आणलास रे?"

भाचा गडबडला, पण मुद्दा त्याच्या बाजूने होता. काडीला एका वेळी जेमतेम अडीच मेगाहर्ट्झचा पट्टा दिसतो, अ‍ॅनालायझर अख्खं शिवार दाखवतो. शिवाय काडीचं मोजमाप आठ बिटांचं. जवळ जबरदस्त स्टेशन असलं की ती भांबावते आणि नसलेली स्टेशनं दाखवू लागते. तेव्हा खरं कोण नि भूत कोण, हे काट्यावर जाऊन पडताळायचं. हे त्याने मामीला पटवलं. मला वाटतं, तिने ते पटवून घेतलं.

ऑर्डर देईपर्यंत अ‍ॅनालायझरने दुसराच उद्योग लावला. घरातला कुठला एलईडी बल्ब, कुठला मोबाइलचा चार्जर हवेत कचरा सोडतो, ते तो दाखवू लागला. स्वस्त बल्ब लावला की खालच्या पट्ट्यातली रेघ फुगायची. वीज गेली, की सगळं साफ. लोडशेडिंगची वाट बघणारा तालुक्यात बहुधा मी एकटाच. त्यामुळे मध्यम लहरींसाठी सेलवरचा खिशातला ट्रान्झिस्टर आणि वरच्या पट्ट्यांसाठी काडी, ती जोडलेला लॅपटॉपही बॅटरीवर, असा निकाल मी दिला. गरिबाच्या प्रयोगशाळेला याहून चांगली जोडी मला तरी दिसत नाही.

सगळ्यांत स्वस्त काडी मागवली. पार्सलवर ठळक लिहिलेलं, 'टीव्ही ट्यूनर'. आत काडी, वीतभर अँटेना आणि छोटासा रिमोट.

"मालिका लागतात का?"

"नाही. दूरदर्शनचं डिजिटल प्रक्षेपण पुढच्या पिढीचं, ही जुन्या पिढीची. टीव्ही सोडून बाकी सगळं लागतं."

"बरं," म्हणत तिने रिमोट उचलून कमरेला खोचला. तो रिमोट आमच्या घरातल्या कुठल्याच वस्तूला चालत नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.