खलनायकांची सोयरीक

मराठी घरात रावणाला कोणी विचारत नाही. दहा तोंडं, सोन्याची लंका, वर शिवभक्त. पण उन्हं वर आली तरी लोळणाऱ्या पोराला आई 'अरे रावणा' म्हणत नाही, 'ऊठ, कुंभकर्णा' म्हणते. हिरण्यकश्यपूने पोटच्या पोराला कड्यावरून लोटलं, हत्तीच्या पायी दिलं, तरी बोलण्यात त्याला थारा नाही (नाव उच्चारून होईस्तोवर राग निवतो, हेही कारण असेल). उलट बकासुर बघा. एकचक्रानगरीकडून तो गाडाभर अन्न, ओढणारे रेडे आणि वर एक माणूस वसूल करायचा. आज चौथी पोळी मागितली की ते नाव मिळतं. म्हणजे भाषेत शिरायला पाप नुसतं मोठं असून भागत नाही, ते आपल्या घरात मावावं लागतं. त्रैलोक्य जिंकायला सवड कोणाला आहे? झोपणं, हादडणं, कान भरणं मात्र रोजचं. त्यातून नातं जुळलं तर बघायलाच नको. शकुनी कौरवांचा मामा, कंस कृष्णाचा. आपण दोघांनाही सरसकट मामा करून टाकलं. भागवतात पूतना कृष्णाची कोणीच लागत नाही, तरी मराठीने तिला मावशी केलीच.

यावर कोणी म्हणेल, हा कुंभकर्णावर अन्याय आहे. आहेच. वाल्मीकींचा कुंभकर्ण रावणाला तोंडावर खडसावतो आणि तरीही भावासाठी लढून मरतो. झोपेचं म्हणाल, तर ती ब्रह्मदेवाची देणगी. बिभीषण तर थेट रामाच्या बाजूचा, पण पक्ष बदलणाऱ्याला ते नाव कौतुकाने कोणी देत नाही. त्राटिका मुळात यक्षकन्या, नवरा गमावलेली, अगस्त्यांच्या शापाने राक्षसी झालेली. आपल्याकडे उरली ती फक्त कजाग बाई. शूर्पणखा, हिडिंबा, कैदाशीण अशी बायकांसाठी भरगच्च सोय आहे, पुरुषांना मात्र झोप आणि जेवण यांवर सोडून दिलंय. ही वाटणी कोणी केली असेल, ते सांगायला नकोच.

पुराणं आता कोण वाचतो, हा दुसरा आक्षेप. पण पुराणं मागे पडली म्हणून खलनायकांची भरती थांबलेली नाही. 1975 च्या 'शोले'तला गब्बर घरोघरी पोचला, आणि 1993 च्या 'झपाटलेला'तला बाहुला मराठी माणसाच्या तोंडी बसला तो नुसता विंचू म्हणून नव्हे, तात्या विंचू म्हणून.

राहता राहिला भस्मासुर. तो ना घरातला, ना नात्यातला, तरी मथळ्यांतून हलत नाही: महागाईचा भस्मासुर, लोकसंख्येचा भस्मासुर. पण मूळ गोष्टीत तो वर देणाऱ्याच्याच मागे लागतो आणि मोहिनीसोबत नाचता नाचता स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून राख होतो. महागाईने आजवर असा हात ठेवलेला दिसत नाही. तेव्हा संपादक मंडळींना विनंती, की तिच्यासाठी दुसरा राक्षस शोधावा. हिरण्यकश्यपू रिकामाच आहे.