सरपंचपद एकवार, दोनवार…

नाशिक जिल्ह्यातलं उमराणे म्हणजे कांद्याच्या लिलावाचं गाव. २०२० च्या डिसेंबरात तिथं सरपंचपदाचीही बोली लागली आणि २ कोटी ५ लाखांवर जाऊन थांबली. तिकडे नंदुरबारच्या खोंडामळीत ४२ लाखांत भागलं. पैसे मंदिराला जायचे होते, त्यामुळे पाप कुणालाच लागणार नव्हतं! पण व्हिडिओ फिरले आणि मतदान तोंडावर असताना राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली.

आता जरा हिशेब. त्या वेळी सरपंचाचं मानधन महिना जास्तीत जास्त ५ हजार, तेही मोठ्या गावात. पाच वर्षांचे झाले ३ लाख. तरी कुठल्याही गावात अशी बोली चढते ती कशावर? वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो आणि तो काढायला ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या जोडीला सही लागते सरपंचाची. संतही बोली लावत असतील म्हणा. आपण नाही म्हणू नये.

बिनविरोध निवडीचं कौतुक तर विचारू नका. भांडणं टळतात, खर्च वाचतो, आमदार निधी जाहीर करून मोकळे. ठरतं मात्र पारावर : "या खेपेला माघार घे, पुढच्याला तुझं बघू." त्या बैठकीत बाया नसतात. जागा महिलेसाठी राखीव असली तर अर्जावर सही करण्यापुरतं बोलावणं येतं. मग पाच वर्षं फलकावर तिचं नाव आणि खुर्चीत तिचे मालक. ग्रामसभेत कुणी गटाराच्या बिलाचं काढलंच, तर तोंडावर येतं, "देवळाला पैसे घेताना गोड लागलं, आता बिलं मागता व्हय?" पुढे कोण बोलणार?

मुंबईत वाद वेगळाच. २०१७ ला सरपंच थेट जनतेतून, २०२० ला सदस्यांतून, २०२२ ला पुन्हा जनतेतून. सरकार बदललं की पद्धत बदलते. पारावरची तेवढी कुणी बदलली नाही.

तुमच्या गावात बिनविरोधचा गुलाल उधळला असेल, तर येत्या ग्रामसभेला जा आणि उभं राहून विचारा : माघार घेणाऱ्यांना काय मिळालं? उत्तर काहीही येवो, प्रोसिडिंगला लिहून घ्यायला लावा.