बेअरिंग निघालं, बाबा

नोव्हाय, मिशिगन
एप्रिलअखेर

ती. बाबा,

बेअरिंग निघालं, हे तुम्हाला रविवारी व्हिडिओ कॉलवर कळलंच. पण तुम्ही सारखे "फोन खाली घे, नकल दाखव" म्हणत राहिलात, त्यामुळे नकल (चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं ते) दिसलं आणि हकिकत राहून गेली. आईने तर "सगळ्यांची तोंडं काळी का?" एवढंच विचारून फोन तुमच्याकडे परत दिला. म्हणून हे पत्र. यात मला कोणी मधेच फोन फिरवायला सांगू शकत नाही.

पाडव्याच्या कार्यक्रमाच्या तालमीला जायला लागलो तेव्हापासून आवाज होता. गाडी चाळीस मैलांच्या वर गेली की पुढून घूंऽऽ. सासूबाई म्हणाल्या, इथे जवळपास पिठाची गिरणी आहे का? तुमचे जावई म्हणाले, बर्फाचे टायर आहेत, ते आवाज करतातच. बर्फाचे टायर काढून साधे लावले. गिरणी चालूच. मग तुम्ही सांगितलेली परीक्षा घेतली: चालत्या गाडीचं स्टिअरिंग किंचित डावीकडे घ्यायचं, आवाज वाढला तर दोष उजव्या चाकात, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. वाढला. जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवलं, तर सासूबाईंच्या दाढेसारखं हललं. (हे वाक्य आईला मोठ्याने वाचून दाखवू नका, त्या दोघींचं रोज बोलणं असतं.)

गॅरेजवाल्याने सातशे डॉलर सांगितले. सासूबाईंनी त्याचे रुपये केले आणि शांतपणे विचारलं, "गाडी विकली तर किती येतील?" २००८ सालची गाडी, दोन्ही आकड्यांत फारसं अंतर नव्हतं. तेव्हा तुमच्या जावयांनी बाह्या सरसावल्या. बाबा, हा माणूस गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत आहे. दिवसभर संगणकावर याच वस्तूंची चित्रं काढतो. तिथे हबवर, म्हणजे बेअरिंग ज्यात बंद असतं त्या तुकड्यावर, क्लिक केलं की हब आपणहून बाहेर येतं आणि हवेत तरंगतं. त्यामुळे त्यांचा अंदाज होता की जेवणाआधी काम होईल. कुठल्या दिवसाचं जेवण, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

संगणकात मीठ नसतं ना! इथे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रस्त्यावर मीठ पसरतात. मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो म्हणून बर्फ धरत नाही. उणे नऊ-दहाच्या खाली मात्र मीठही हात टेकतं, आणि मग तेच मीठ गाडीखाली जाऊन आपली नोकरी पुढे चालू ठेवतं. आणि हे मीठ आणायला यांना लांब जावंही लागत नाही. डेट्रॉइट शहराच्या पोटातच मिठाची खाण आहे, हजार फुटांहूनही खोल, १९१०च्या सुमारास सुरू झालेली. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याचं हे मीठ. तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे, खाणीचं तोंड अरुंद, म्हणून मोठी यंत्रं आणि ट्रक वर सुटे करतात, तुकड्यातुकड्याने खाली सोडतात आणि तळाशी पुन्हा जोडतात. म्हणजे तिथे खाली अख्खं दापोडीचं एसटी वर्कशॉप आहे म्हणा. जगाला मोटारी देणाऱ्या शहराखालीच त्या मोटारी खाणारं मीठ असावं, याला काय म्हणावं? देव हिशेबाला पक्का असतो.

असो. चाक निघालं. कॅलिपर निघालं, ते तारेने वर टांगून ठेवलं, कारण ब्रेकच्या होजवर लोंबकळू दिलं तर तुम्ही विमान पकडून आला असता. डिस्क चिकटली होती, पण डिस्कवर दोन रिकामे आटे पाडलेले असतात, त्यात बोल्ट पिळत गेलं की ती स्वतःच बाहेर सरते. ज्या कोणी ती दोन भोकं ठेवली त्याचं घर उन्हात बांधू नये. एक्सलचा मोठा नट मात्र ढिम्म. शेजारचे आजोबा, जन्मभर मोटारीच्या कारखान्यात नोकरी केलेले, कुंपणापलीकडून बराच वेळ बघत होते. शेवटी न बोलता घरातून लांब लोखंडी पाइप घेऊन आले आणि पान्याच्या दांड्यावर चढवला. तुम्हीही हेच करायचात. नट कडकन सुटला. आजोबा म्हणाले "हं" आणि गेले. इंजिनिअरिंगची डिग्री असलेल्या माणसाचा इतका थोडक्यात अपमान मी पाहिला नव्हता.

आणि मग हब. चारही बोल्ट सैल केले तरी जागचं हलेना. त्यावर तुमच्या जावयांनी उभ्याउभ्या व्याख्यान दिलं: नकल ॲल्युमिनियमचं, हब पोलादाचं, मध्ये खारं पाणी, म्हणजे झाली बॅटरी; ॲल्युमिनियम खाल्लं जातं, त्याची पांढरी भुकटी फुगते आणि हबला आवळून धरते. व्याख्यान उत्तम होतं. हब तिथेच होतं. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी तेलकट हब तिथेच होतं. मोठा हातोडा हवा म्हणताना त्यांची नजर स्वयंपाकघराकडे वळली, तशी सासूबाईंनी साताऱ्याहून आणलेला बत्ता उचलून स्वतःच्या खोलीत नेला आणि दार लावलं.

तेव्हा तुम्हाला फोन केला. "बोल्ट पूर्ण काढू नका. चार आटे धरून ठेवा आणि मागून बोल्टच्या डोक्यावर ठोका. एकावर नाही, आळीपाळीने, तिरपं जाऊ देऊ नका. बोल्ट खराब होतील, नवे लावा. आणि ती वायर आधी सोडवा." वायर म्हणजे एबीएसची. तुमच्या एसटीच्या काळात ती नव्हती, तरी तुम्हाला आठवलं. आम्हाला ती डोळ्यांसमोर दिसत असून आठवली नव्हती.

मी टॉर्च धरला, तुमची नात इरा नटबोल्ट मोजून वाटीत ठेवत होती, आणि ठोकाठोक सुरू झाली. गल्लीतली कुत्री भुंकू लागली. केव्हातरी ठोक्याचा आवाजच बदलला, टणऐवजी बद्द असा, आणि कडेने केसाएवढी फट दिसली. त्यानंतर तुमच्या जावयांना थांबवणं कठीण होतं. हब जमिनीवर पडलं तेव्हा सासूबाई खोलीतून बाहेर आल्या, हातात बत्ता होताच, म्हणाल्या, "एवढंसं?"

खरंच एवढंसं. नवं बसवायला अर्धा तासही लागला नाही. भोक तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केलं, पुढच्या वेळेसाठी ग्रीसचा पातळ हात दिला, एक्सलला नवा नट लावला, आणि गाडी खाली टेकवण्याआधी तो मोजणीच्या पान्याने आवळला. तो पाना दुकानातून अनामत ठेवून आणला होता. इथे हत्यारं अशी मिळतात, परत केली की पैसे परत. गिरणी बंद आहे. आता सासूबाईंना गाडीत झोप लागत नाही म्हणतात.

राहिली तुमची मागणी. जुनं बेअरिंग फेकू नका, कापून आतल्या गोळ्या आणि ट्रॅक बघायचे आहेत, म्हणालात. सासूबाई जूनमध्ये परत येत आहेत. हब चांगलं तीन किलोंच्या आसपास भरतं, आणि त्यांच्या बॅगेचं वजन तेवीस किलोंवर आधीच ठरून गेलंय. बऱ्याच वाटाघाटींनंतर त्या तयार झाल्या आहेत. अटी अशा: विमानतळावर कोणी विचारलं तर ते काय आहे हे तुम्ही फोनवर समजावून द्यायचं, ग्रीसचा डाग पडला तर इरकली तुमच्याकडून, आणि त्यांच्या वाड्यातल्या विहिरीचा पंप गेल्या दिवाळीपासून घूं करतोय, तो येऊन बघायचा.

तारीख कळवते. आईला सांगा, गोडा मसाला संपत आला.

तुमची,
मीनल